जस्ताला दोन हात रंग

"आमच्या इंजिनरूमच्या जमिनीवर पाव ठेवून खा, बाई! इतकी स्वच्छ!" पांतेलिस मेकॅनिक छाती फुगवून म्हणाला.

छाती फुगवली खरी, पण आत नुसती धाकधूक! दुपारी ह्याच जुन्या फेरीबोटीतून त्याची लेक कल्लिरोई, वऱ्हाडी न् वाजंत्री पलीकडच्या बेटावर जायचे होते. लग्न तिकडे, नवऱ्यामुलाच्या गावी. आणि वाऱ्यानं इतके दिवस अडकलेली तपासनीस आर्यिरोबाई नेमकी आज सकाळी उगवली! ती नाही म्हणाली, की फेरी बंद.

"इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा पाइप उघडा."

पांतेलिसनं पाणी बंद करून झाकण काढलं. "ही आतली जस्ताची वडी. वर्ष झालं, साधा ओरखडा नाही!"

बाईंचा चेहराच उतरला. "अहो, ती झिजायलाच बसवतात ना! खारं पाणी तिला खातं, म्हणून पाइप वाचतो. ही शाबूत, तर पाण्यानं वर्षभर खाल्लं काय?"

पांतेलिसला आठवलं. ईस्टरच्या आधी अख्खं बेट भिंती, पायऱ्या, झाडांचे बुंधे, दिसेल त्याला चुना फासतं. त्याच भरात ह्या गृहस्थानं गेल्या वर्षी जस्तालाही तेलरंग दिला होता. चांगले दोन हात! मग पाणी जस्ताला शिवणार कुठून?

"झाकण लावा, पाणी सोडा," म्हणत बाईंनी पाइपावर हातोडी टकटकवली. आत साचलेल्या क्षारानंच काय तो पाइप धरून ठेवला होता. तो थर निखळला आणि चिळकांडी थेट लग्नाच्या शर्टावर! पांतेलिसनं भोकावर अंगठा दाबला. शेजारी दुसरी उडाली. दुसरा अंगठा! तिसरीला कोपर!

"बाबा, सगळे चढले! निघायचं ना?" वरून लेकीची हाक.

"हो! म्हणजे उतरव सगळ्यांना! म्हणजे काही झालेलं नाही!"

कल्लिरोई पांढरा झगा सावरत खाली आली. "अहो बाबा, पाइपाला मिठी मारून काय उभे?"

"तुझं लग्न बुडवलं गं मी!" त्याला रडूच फुटलं.

बाईंनी त्याच्या मागे हात घालून पाण्याची चावी फिरवली. पाणी थांबलं. "सोडा आता. फेरी हलायची नाही. धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या आहेत ना?"

मग काय! वाजंत्री जाळ्यांवर, नवरी माशांच्या टोपल्यांत. पांतेलिस वाटभर देवाला विनवत होता, व्याह्यांना रंगाचं तेवढं कळू देऊ नकोस रे बाबा!

पलीकडे व्याही स्टाथिस हात पसरून उभेच होते. त्यांनी कडकडून मिठी मारली. पांतेलिसचा जीव भांड्यात पडला.

"या व्याहीबुवा, सगळी तयारी झालीय," स्टाथिस त्याच्या कानाशी लागले. "रंगाचे डबे तेवढे लपवून ठेवलेत!"