सुरक्षित अंतर ठेवणारी गाडी

वारज्याच्या प्रज्ञेश वाघमारेने नवी गाडी घेतली आणि त्याला खराडीच्या ऑफिसात रोज उशीर होऊ लागला. गाडीत दोष नव्हता. ती नियम पाळत होती.

पुढच्या वाहनापासून ती आपणहून सुरक्षित अंतर ठेवी. त्या अंतरात रिक्षा शिरे. गाडी रिक्षापासून नवं अंतर ठेवी. त्यात दोन स्कूटर, एक टेम्पो, एकदा तर घोड्यासकट नवरदेव शिरला. आणखी थोडं अंतर ठेवलं असतं तर प्रज्ञेश परत घरीच पोचला असता.

टिंग. गाडी बोले, "आपण मार्गिका सोडत आहात."

"मार्गिका आहे कुठे, बाई?"

टिंग. "आपण थकलेले दिसता."

साहेबांनी बजावलं, "आणखी एकदा उशीर झाला, की तुझी टीम सलिलकडे."

प्रज्ञेश सर्व्हिस सेंटरला धावला. तिथल्या शेफालीमॅडमनी गाडी तपासली.

"सगळं ओके आहे, सर."

"अहो, ती थांबते!"

"थांबायला हवं तिथेच ना?"

"हीच तर तक्रार आहे."

"नियमपालन हा बिघाड वॉरंटीत बसत नाही, सर."

मग घरी प्रज्ञेशचा प्रस्ताव आला: नवी गाडी देऊन जुनी घ्यावी.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले वडील, भीमराव, पेपरमागून म्हणाले, "नवी असताना जुनी का, याचं समर्थन नाही. सबब, त्रुटी दूर करून फेरसादर करावा."

"बाबा, टीम जाईल!"

"असं आधी नमूद करायचं. तत्त्वतः मान्यता."

"पार्किंगमध्ये लोक काय म्हणतील?" बायको अक्षता म्हणाली.

"विंटेज आहे म्हणून सांग."

"खटाऱ्याला?"

खटारा मार्केट यार्डातल्या कोंडीराम कांदेवाल्याकडे सापडला.

"हिला काय काय येतं?" प्रज्ञेशने धास्तावून विचारलं.

"काय बी येत नाय, सायेब. लई गरीब हाय. तुमी कराल ते बघत बसती."

"ब्रेक?"

"हाय की. पर हॉर्न असा हाय, की ब्रेकची गरजच पडत नाय."

प्रज्ञेशचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे अदलाबदल झाली.

दुसऱ्या सकाळी जुनी गाडी सुसाट निघाली. झेब्रा क्रॉसिंगवर पिशवी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ निम्म्यापर्यंत आले होते. गाडी काही बोलली नाही. प्रज्ञेशने हॉर्न दाबला. गृहस्थांनी मागे उडी मारली, पिशवी सुटली, टोमॅटो रस्ताभर झाले.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे वाचकहो, तुम्ही विचारलंच नाहीत. प्रज्ञेश वेळेत पोचला का, एवढंच तुम्हाला हवं आहे.

पोचला.