भोयरकाकांचा रोजचा प्रश्न

आमच्या सिंदी मेघेतल्या गल्लीत भोयरकाका कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘‘काय भिजवलं?’’ दूध आणायला निघालेला शेजारी असो की कुणाकडे आलेला पाहुणा, प्रश्न तोच. एकदा विम्याचा एजंट फॉर्म घेऊन त्यांच्या दारात आला. काही भिजवलं नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, आणि फॉर्म कोराच ठेवून, मूठभर चणे खिशात घेऊन तो परत गेला.

काकांचं हिंगणघाटला धान्याचं दुकान होतं. ते विकून इथे आले, पण गिऱ्हाईक काही सुटलं नाही. गल्लीतल्या बायका रस्त्यातच शंका विचारतात आणि काका पिशवी खाली ठेवून तिथेच निकाल देतात. शुगरवाल्याला गूळ चालतो का? ‘‘गूळ म्हनजे साखरच, फकत कपडे मळके.’’ डाळ पॉलिशची घ्यावी का? ‘‘पॉलिश बुटाले कराव.’’ चणे लवकर शिजायला सोडा टाकला तर? इथे मात्र काका दुखावतात. ‘‘भिजवाची आठवन आपल्याले राहत नाई, अन् सोडा त्याले काऊन?’’ जे ठाऊक नसेल ते डॉक्टरवर सोपवतात, पण तसं म्हणताना त्यांचा चेहरा पडतो.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरचा स्वयंपाक माझी बायको शैला करायची. ती गेल्यावर मी चहा-टोस्टवर राहू लागलो. भूक लागत नव्हती असं नाही, पण एकट्यासाठी गॅस पेटवायला हात उठत नसे. हळूहळू पँट सैल झाली, जिना चढताना दम लागू लागला. काकांना हे सांगायची लाज वाटे. म्हणून रोज सकाळी फाटकाशी मी एकेक कडधान्य सांगत असे. शैलाने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या वाचून मी उत्तर तयार ठेवी. मटकी, मूग, वाटाणे. काका मान डोलावून पुढे जात. एके दिवशी फळीवरच्या शेवटच्या डब्याशी पोचलो आणि म्हणालो, ‘‘जवस.’’

काका थांबले.

‘‘सर, जवस भाजतेत. चटनीले. भिजवलं तं त्याचा डिंक होते.’’

घरी स्वयंपाक करून किती दिवस झाले, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, चार महिने. खोटं संपलं, आणि इतकं हलकं वाटलं की मी फाटक धरून उभा राहिलो.

संध्याकाळी काका घरी आले. त्यांनी मटकीचा डबा माझ्या हातात दिला, मलाच मापून घ्यायला लावली, पाणीही मलाच ओतायला लावलं. मग ओट्याशी उभे राहून काकूंचं सांगितलं. काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बरबटी, म्हणजे चवळी, भिजवून फडक्यात बांधली होती. घरात माणसं होती, जेवण शेजारून येत होतं, मोट तशीच राहिली.

‘‘तिसऱ्या दिवशी पाहतो तं कोंब बोटभर. फेकाले जीव होईना. म्हनून उठलो, फोडनी देल्ली. रातच्याले काही भिजवलं असलं ना सर, तं सकाळी उठाच लागते.’’

सकाळी मटकी फुगली होती. मी ती निथळून फडक्यात बांधली आणि फाटकाशी गेलो. काका येताना दिसले, तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांना कुणीच हे विचारलेलं नाही.

‘‘काका, तुम्ही काय भिजवलं?’’

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘‘बरबटी,’’ ते म्हणाले. ‘‘दोघायची. हात अजून आयकत नाई.’’ मग जाता जाता, मागे न बघता, ‘‘दुपारी येजा जेवाले.’’

मी गेलो. पोटभर जेवलो. माझ्या मटकीला मोड यायला अजून एक रात्र हवी होती, म्हणजे दुसऱ्या दिवशीही उठणं आलंच.