हिंगण्याचा लेफ्टी

आमच्या मनीषनगरात धोटेकाकांच्या समोरून कुणी सुखाने जाऊ शकत नाही. भाजीच्या गाडीपाशी असोत की बँकेच्या रांगेत, छत्रीची बॅट करून काकांचं गार्ड घेणं चाललेलं असतं. मध्ये कुणी आलं की ओरडतात, "साइटस्क्रीन हलव गा!" एकदा हे त्यांनी कचऱ्याच्या गाडीला सांगितलं. ड्रायव्हरने घाबरून गाडी मागे घेतली.

काका हिंगण्याच्या एका कारखान्याचे डावखुरे फलंदाज होते. महान, असं ते स्वतः म्हणतात. पण त्यांना बॉलिंग टाकलेले म्हातारेही तेच म्हणतात, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. नोकरी बॅटीवर मिळाली, बढती कव्हर ड्राइव्हवर. ही कारकीर्द ऐकायची तर चहा दोनदा ठेवावा लागतो, आणि दरवेळी त्यातला एक षटकार थोडा लांब पडतो. मागच्या महिन्यात चेंडू कारखान्याच्या भिंतीबाहेर गेला होता. परवा तो कंपनीच्या बसच्या टपावर बसून बुटीबोरीला पोचला.

गंमत म्हणजे हा लेफ्टी जेवतो मात्र उजव्या हाताने. "माय लाटणं घेऊन बसे," काका सांगतात. "तिनंच वाटणी करून देल्ली. उजव्याले जेवण, डाव्याले बॅट."

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. तेव्हापासून काका कोच झाले. काकूंना डाव्या हाताने जेवायला शिकवतानाचा त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात येई. "घाई काहून करून राहिली? घासावर नजर ठेव. हां, आता उचल वं!"

"तुम्ही पहिले चूप बसा," काकू वैतागत. पण शिकल्या. घरापुरतं. पंगतीचं नाव काढलं की मात्र दार लावून घेत. "चारचौघांत डाव्या हातानं जेवू? लोकं काय म्हणतीन?" लग्नाची पंगत म्हणजे जीव की प्राण असलेली ही बाई वर्षभर एकाही लग्नाला गेली नाही. एवढ्या एका गोष्टीने काका खचले होते.

परवा हुडकेश्वरला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. काकांनी काकूंना कसंबसं आणलं. पंगतीत मी समोरच बसलो होतो. वडाभात वाढला, वर फोडणीचं तेल पडलं. काकू डावा हात पदराखाली लपवून पत्रावळीकडे नुसत्या बघत होत्या. काकांनी आपला उजवा हात मांडीखाली सारला आणि जन्मात पहिल्यांदा डाव्या हाताने घास उचलला. अर्धा शर्टावर गेला, थोडा मिशीत.

"काहून गा, डाव्या हातानं जेवून राहिला?" त्यांचे थोरले भाऊ गरजले.

"लेफ्टी आहो ना दादा! साऱ्या हिंगण्याले विचारा."

मांडव हसला. काका सांडत राहिले. नाटक नव्हतं, खरंच जमत नव्हतं. त्या हाताला बॅटीखेरीज कुणी काही शिकवलंच नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते आणि शेजारी बसलेल्या काकूंकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मला एकदम भरून आलं.

काकूंनी हळूच हात बाहेर काढला. पहिला घास नीट तोंडात घातला, मग दुसरा. वाढणारी पुढे निघाली तशी त्यांनी तिला हाक मारली, "अवं, इकडं आन तो वडाभात. तेल जास्त घाल."