सरांच्या उजव्या हाताला

मोबाइलवर एक ओळ लिहून झाली की आमचे दिगंबर सर डाव्या हाताने मोबाइलला उजवीकडे एक फटका मारतात. हयात टायपिंगचा क्लास चालवण्यात गेली. ओळ संपली की टाइपरायटरचं कॅरेज ढकलायचं, हे हाडात भिनलेलं. फटका बसला की मोबाइल उडतो. एकदा तो थेट वरणाच्या पातेल्यात गेला. गल्लीत असं सांगतात, म्हणजे मीच सांगतो, की बाहेर काढल्यावर तो आधीपेक्षा जोरात चालायला लागला. फोडणी बसली ना.

लोक दोन अंगठ्यांवर भागवतात. सर मोबाइल टेबलावर ठेवतात, पाठ ताठ करतात आणि दहाही बोटं त्यावर उतरवतात. वीतभर हौदावर दहा म्हशी. "आधी बैठक, मग बोटं," हे त्यांचं ब्रीद. अर्ध्या लातूरच्या नोकऱ्या या एका वाक्यावर लागल्या. मुदखेड-उमरीची पोरंसुद्धा खोली करून शिकून गेली.

क्लास बंद पडला आणि या माणसाने मोबाइलवर पायथॉन बसवायचं मनावर घेतलं. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून सरांनी सगळी सुप्रभातं पुसली, गुलाबांसकट, आणि नातेवाइकांना कळवलं की यापुढे पाठवू नका. देवणीचे मेहुणे अजून बोलत नाहीत. मग रेंजसाठी सर पाण्याच्या टाकीवर चढले आणि तिथून हुकूम सोडला, तासभर गल्लीत कुणी व्हिडिओ बघायचा नाही. कुणी बघितला नाही. टाकीवर चढलेल्या माणसाचं ऐकावंच लागतं.

भाषा उतरली, पण हाकेला ओ देईना. सर अन्नपाणी टाकून हिंडले. मग एका सकाळी सापडलं. "त्याला घर दिलं, पण पत्ता मोबाइलला सांगितलाच न्हाई. कसा येईल बिचारा?" पत्ता दिला, आला. आणि या भाषेत ओळीआधी समास नीट सोडला नाही तर गाडी पुढेच जात नाही, हे कळल्यावर तर सरांचे डोळे भरून आले. "शेवटी कुणीतरी शिस्तीची भाषा काढली बघा."

त्या भाषेत सरांनी नळाचा अंदाज सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. आमच्याकडे नळ रुसलेल्या जावयासारखा येतो, मनात आलं की. वरच्या गल्लीत पाणी कधी आलं, लाइट कधी गेली, पाणी सोडणाऱ्याची मोटारसायकल कुठं दिसली, एवढं सर मोबाइलला सांगत. मोबाइल म्हणे, उद्या दुपारी. नळाला यायचं नसलं तरी सरांच्या शब्दाखातर यावं लागे. सगळी गल्ली सरांच्या दारात विचारायला. सर आधी चहा टाकत. "यंत्र जरा तापू द्या."

शहाणपणा मीच केला. म्हटलं, सर, हे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बसवून द्या, तुमचा त्रास वाचेल. सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बघू. तुमच्यापासून सुरू करू."

रोज संध्याकाळी मी माझा मोबाइल घेऊन त्यांच्यापुढे बसायला लागलो. रोज एकच उत्तर. "व्हर्जन जुळून न्हाई राहिलं." महिना गेला. मी म्हटलं, सर, एवढ्यात तर पोरीचं लग्न जुळतं. सर चहा टाकायला उठले.

परवा बायको माझा मोबाइल घेऊन आली. त्यात एका कोपऱ्यात 'नळ' लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी तिने सहज दाबलं, तर 'उद्या सकाळी' असं आलं, आणि सकाळी नळ आला. बसवल्याची तारीख बघितली. पहिल्याच संध्याकाळची.

मी चपला घातल्या. म्हटलं, सर महिनाभर मला बनवून राहिले म्हणजे काय, गल्लीभर सांगतो.

"बसा खाली," बायको म्हणाली. "क्लास बंद झाल्यावर त्यांच्या दारात कोण जात होतं? आता नळासाठी तरी जातेत. सगळ्यांकडं बसलं की ते बी गेलं."

मी बसलो.

"आता उठा. नळ कधी येतोय, इचारून या."

"अगं, सकाळीच तर आला."

"मग पुढचा इचारा."

गेलो. टेबल पुसलेलं, दोन कप मांडलेले. "आज जमंल असं वाटून राहिलं," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. मी म्हटलं, गडबड नाही सर, माझा मोबाइल जुना आहे, त्याला वेळ लागणारच.

सरांनी पाठ ताठ केली. मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताला बसलो. ओळ संपली की मोबाइल तिकडेच उडतो. झेलायला कुणीतरी लागतं.