शरीर स्वीकारले जाईल

आपल्या शरीराची लाज वाटणाऱ्या नागरिकांना ती वाटू नये, या उदात्त हेतूने समुपदेशक बाईंनी एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि दारावर पाटी लावली : 'शरीर-स्वीकार केंद्र'. पाटीखाली वेळ लिहिली होती. त्या वेळेत बाई येत. लोक येत नसत.

तिसऱ्या आठवड्यात पहिले गृहस्थ उगवले. निवृत्त हेडक्लार्क. काखेत फाइल, मागे दोन साक्षीदार.

"शरीर इथेच स्वीकारतात ना?"

"हो, हो, बसा ना!" बाईंना अगदी भरून आलं. "आधी मला सांगा, तुम्ही स्वतः ते स्वीकारलंय का?"

"मी कशाला स्वीकारू? मी देतोय. मेल्यावर. मुलांच्या सह्या आणल्यात."

देहदानाचं काम इथे होत नाही, इथे फक्त जिवंत शरीरं स्वीकारली जातात, असं बाईंनी शांतपणे समजावलं.

"जिवंत शरीराचं तुम्ही करता काय?"

"काहीच नाही. आहे तसं राहू द्यायला शिकवतो."

"मग त्याला ऑफिस कशाला लागतं?" असं म्हणून हेडक्लार्क साक्षीदारांसह जिना उतरले. नोकरीत असताना ते असेच प्रश्न विचारत असणार.

आता गंमत सोडून द्या. समुपदेशन मंडळाचा नियम असा, की तीन महिन्यांत पन्नास लाभार्थी नोंदवले नाहीत, तर केंद्राची परवानगी आपोआप रद्द. बाईंनी या केंद्रासाठी शाळेतली पक्की नोकरी सोडली होती. वर्गाच्या फोटोच्या दिवशी हटकून आजारी पडणाऱ्या मुली त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. मनावर घेण्यासाठी मंडळाच्या तक्त्यात रकाना नव्हता.

शेवटी धाकटे दीर धावून आले. ते जाहिरातींच्या धंद्यात होते.

"वहिनी, तुमचं मुळातच चुकतंय. ज्याला लाज वाटते तो घराबाहेर पडत नाही. ज्याला वाटत नाही तो इथे कशाला तडमडेल? मग त्यालाच वाटायला लावायची. इथे, दारात."

"अहो भावजी, पण मी ती घालवायला बसलेय ना!"

"मग? घालवायला आधी असायला नको?"

या युक्तिवादाची तातडीने अंमलबजावणी झाली. जिन्याच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा आरसा आला, त्यावर दोन प्रखर दिवे आले. नावनोंदणीचा फॉर्म छापला गेला : 'लाज वाटणारा अवयव (एकच लिहावा. अधिक असल्यास पुरवणी जोडावी). लाज वाटत नसल्यास जवळच्या नातेवाइकाचा अभिप्राय जोडावा.' नातेवाइकांचे अभिप्राय तर पाठपोट येऊ लागले. वरच्या मजल्यावर पार्सल द्यायला आलेला माणूस आरशापुढून गेला आणि परतताना हनुवटीची नोंद करून गेला. आकडा एकतीसवर पोचला.

मग दिरांनी बाईंचा फोटो काढला. 'मी स्वतःला आहे तशी स्वीकारलं!' असं त्याखाली लिहायचं ठरलं. छापून आलेला फोटो पाहून बाई म्हणाल्या, "ही कोण?"

"तुम्हीच. थोडी डागडुजी केलीय."

"आहे तशी स्वीकारलं म्हणता आणि डागडुजी?"

"वहिनी, स्वीकारण्यासारखं काहीतरी दाखवायला नको का लोकांना?"

फोटो चौकात लागला आणि जिन्यावर रांग लागली. फक्त एक तक्रार येऊ लागली. लोक आत येत, बाईंकडे बघत आणि विचारत, "मॅडम कधी येणार?" मीच मॅडम, असं सांगितलं की फसवणुकीची भाषा सुरू होई. तेव्हा फोटोची प्रतिष्ठा राखण्यासाठी बाईंनी यापुढे पडद्याआड बसून स्वीकार करावा, असा निर्णय दिरांनी घेतला. आकडा एकोणपन्नास झाला होता. मुदतीचा एक दिवस उरला होता. बाई पडद्याआड बसल्या.

पन्नासावी एक मुलगी आली. परीक्षेच्या अर्जावर फोटो लावायचा होता आणि चार वर्षांत तिने एकही काढू दिला नव्हता. अर्जाची शेवटची तारीख उद्या. पडद्याच्या दोन बाजूंना दोघी तासभर बोलल्या. मुलगी रडली, मग हसली. बाईंना वाटलं, याचसाठी तर नोकरी सोडली.

"मॅडम, आता पटलं," मुलगी म्हणाली. "जाताना स्टुडिओत जाते. पण खरं सांगू? फोटोतल्या तुमच्यासारखं रूप असतं ना, तर सोपं गेलं असतं."

बाईंना राहवलं नाही. त्यांनी सरळ पडदा सारला. "बघ. अशी आहे मी."

मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजूला होऊन त्यांच्या पाठीमागे डोकावली.

"मावशी, मॅडम आत गेल्या का?"

"अगं, मीच ती."

"आवाज अगदी त्यांच्यासारखाच आहे हो तुमचा," मुलगी कौतुकाने म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. ती उठली, जिन्यातल्या आरशापाशी थांबली आणि स्टुडिओ उजवीकडे असताना डावीकडे वळली. अर्ज राहिला.

दिरांनी रजिस्टरात लिहिलं : 'क्रमांक पन्नास. समाधानी.' मंडळाने परवानगी कायम केली आणि अभिनंदनाच्या पत्रात बाईंचा फोटो मागवला, चौकातला. बाईंना ते फार लागलं.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. बिचाऱ्या बाई, दिसायला तशा आहेत म्हणून काय झालं, असं मनात आलं असेल. पण तशा म्हणजे कशा? त्या जाड की बारीक, ठेंगण्या की उंच, हे मी एका अक्षरानेही लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र त्यांच्यात काय वाईट आहे, ते केव्हाच ठरवून मोकळे झालात.