टाकीवर कोण चढलं होतं?

लेखकाने आत्मचरित्र लिहून पूर्ण केलं आणि प्रकाशकाने ते छापायचं कबूल केलं, इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. लेखकाने त्या भरात नोकरीचा राजीनामा दिला, बायकोने सगळ्या मैत्रिणींना कळवलं, आणि आईने ‘त्यात माझ्याविषयी वाकडंतिकडं काही नाही ना?’ असं दोनदा विचारून घेतलं. बिघडलं ते प्रकाशनसंस्थेच्या सत्यता विभागामुळे.

हा विभाग नवा होता. आदल्याच वर्षी संस्थेने एका गिर्यारोहकाचं आत्मकथन वाजतगाजत छापलं होतं. पुस्तक धडाधड खपलं, आणि मग गिर्यारोहकाच्या बायकोचा फोन आला, की आमचे हे पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी यांना घेरी येते. पुस्तकातली झाडून सगळी शिखरं यांनी सोफ्यावर पडून सर केलेली आहेत. संस्थेची पार शोभा झाली. तेव्हापासून नियम आला : आत्मचरित्रातलं प्रत्येक विधान दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांनी दुजोरा दिल्यावरच छापण्यात येईल. विभागात एकच बाई होत्या. त्यांना सगळे पडताळणीबाई म्हणत. बाई स्वभावाने अतिशय गोड होत्या, आणि पंचाईत तिथेच होती. खडूस माणसाला घालवून देता येतं. गोड माणसाला चहा द्यावा लागतो.

तर बाई लेखकाच्या घरी आल्या, चहा घेतला, आणि हस्तलिखित उघडलं.

“पहिलंच वाक्य. ‘माझा जन्म एका वादळी पहाटे झाला.’ तुम्ही तेव्हा घड्याळ पाहिलं होतं?”

“मी कसं पाहणार?”

“म्हणजे ऐकीव माहिती,” बाई गोड हसून म्हणाल्या आणि आईकडे वळल्या.

“कसली डोंबलाची पहाट!” आई म्हणाली. “चांगली दुपार होती. माझं जेवण झालं होतं. भांडी घासून पालथी घातली आणि मग निघालो आम्ही. आणि वादळ कुठलं? दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते.”

“आई, अगं वातावरणनिर्मिती असते ती!”

“माझ्या बाळंतपणात तुझी वातावरणनिर्मिती नको.”

वाक्य दुरुस्त होऊन ‘माझा जन्म झाला’ एवढंच उरलं. खरं तर यालाही आणखी एक साक्षीदार हवा, पण तूर्त चालवून घेऊ, असं बाई म्हणाल्या. लेखकाने त्यांचे आभार मानले. आता बोला!

पुढे जिना आला. वडील रागावले म्हणून लहानपणी लेखक अंधाऱ्या जिन्यात एकटाच रडत बसला होता, असं दुसऱ्या प्रकरणात होतं.

“तिथे आणखी कोण होतं?”

“कुणीच नव्हतं. एकटा होतो.”

“मग साक्षीदार?”

“अहो बाई, साक्षीदार असता तर मी एकटा कसा असतो?”

“तेच ना!” बाईंना मनापासून वाईट वाटलं. “साक्षीदार मिळाला तर विधान खोटं ठरतं, आणि नाही मिळाला तर छापता येत नाही. मी काल दिवसभर यावरच विचार करत होते.”

शेवटी तोड निघाली ती अशी : ‘लेखक जिन्यात एकटाच होता, असा लेखकाचा दावा आहे. याबाबत जिन्याची बाजू समजू शकली नाही.’ याच न्यायाने पुस्तकातले सगळे एकांत, सगळे निश्चय आणि ‘मला वाटलं’ने सुरू होणारी सगळी वाक्यं गेली, कारण लेखकाला काय वाटलं ते पाहायला कुणीच आत गेलेलं नव्हतं. हस्तलिखित बघता बघता लग्नपत्रिकेइतकं झालं.

तरी लेखक धीर धरून होता. कारण अजून टाकीचं प्रकरण शिल्लक होतं. टाकी म्हणजे पुस्तकाचा प्राण. गल्लीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी. नऊ वर्षांचा लेखक पैजेखातर तिच्या टोकापर्यंत चढतो. खाली सगळी गल्ली श्वास रोखून उभी! पण पुस्तकाचं सोडा. लग्नाआधी बागेतल्या बाकावर लेखकाने हीच गोष्ट सांगितली होती, आणि ती संपल्या संपल्या समोरच्या मुलीने होकार दिला होता. तीच मुलगी आता बाईंच्या शेजारी बसून कान देऊन ऐकत होती. टाकी पडली तर पुस्तकाबरोबर संसाराच्या पायातलाही एक दगड निघणार, हे लेखकाला पक्कं ठाऊक होतं.

“ताईला विचारा,” तो छातीठोकपणे म्हणाला. “ती तिथेच होती.”

ताई दोन गल्ल्या पलीकडेच राहायची. लगेच आली.

“होते ना,” ती म्हणाली. “वर होते. टाकीवर चढले मी होते.”

“ताई!”

“ताई काय ताई? तू खाली होतास, रड्या. एवढं भोकाड पसरलं होतंस की मला वर ऐकू येत होतं.”

“मग ही गुडघ्यावरची खूण?”

“ती माझ्या सायकलवरून पडल्याची आहे. न विचारता नेली होतीस.”

लेखकाने बायकोकडे पाहिलं नाही. त्याची हिंमतच झाली नाही. तेवढ्यात जुन्या शेजारचे काका आले. बाईंनी त्यांनाही बोलावलं होतं.

“ही? ही कसली चढतेय!” काका म्हणाले. “मी चढलो होतो. हे बघा.” आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

मग बाई जुन्या गल्लीतच जाऊन धडकल्या. दुकानदाराने पँट वर केली, इस्त्रीवाल्याने केली, निवृत्त मुख्याध्यापकांनी आधी दार लावून घेतलं आणि मग केली. सगळी गल्ली टाकीवर चढलेली निघाली. प्रत्येकाकडे दोन साक्षीदारही तयार होते, कारण ‘तू माझं सांग, मी तुझं सांगतो’ असं आपसात ठरलेलं होतं. खाली श्वास रोखून उभं कोण होतं, एवढंच कुणाला सांगता येईना.

बाईंनी शेवटी पाणीपुरवठा खात्यात चौकशी केली. तिथल्या साहेबांनी कपाटातून फाइल काढून फुंकर मारली.

“टाकी मंजूर झालेली आहे,” ते म्हणाले. “उद्घाटन झालंय. दोनदा रंग दिलाय, एकदा गळती काढलीय. फक्त बांधायची राहून गेली.”

“मग एवढे लोक चढले कशावर?”

“ते आमच्या कक्षेत येत नाही. पण चढायला सक्त मनाई होती. तशी पाटी लावली होती.”

“कुठे?”

“टाकीवर.”

झालं! प्रकाशकाने कानावर हात ठेवले आणि हस्तलिखित कादंबरी विभागाकडे ढकललं. कादंबरीला साक्षीदार लागत नाहीत म्हणून लेखकाचा जीव जरा भांड्यात पडला. पण कादंबरीचे संपादक आणखीच कडक निघाले.

“न बांधलेल्या टाकीवर अख्खी गल्ली चढते? आणि सरकारी खातं तिला रंग देतं? काहीतरीच काय! कादंबरीत सगळं पटावं लागतं हो,” ते म्हणाले. “हे असलं फक्त खऱ्यात चालतं. तुम्ही सत्यता विभागात का विचारत नाही?”

लेखक घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो समोर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “मी चढलो नव्हतो. तुला खोटं सांगितलं.”

“माहितीय.”

“आज कळलं म्हणून?”

“छे! तेव्हाच. अरे, तुझ्याआधी दोघांनी मला मागणी घातली होती. ते दोघंही टाकीवर चढले होते. एकाने तर वरून भाषणसुद्धा केलं होतं.”

लेखक मटकन खाली बसला. “मग मला हो का म्हणालीस?”

“त्या दोघांच्या गोष्टीत खाली नुसत्या टाळ्या होत्या. तुझ्या गोष्टीत खाली एक पोरगं रडत होतं. वर गेलेल्याचं काय होईल म्हणून त्याचा जीव नुसता कासावीस झाला होता. त्याचं तू असं काही वर्णन केलंस ना, की मला तिथेच कळलं हा कोण आहे. मी त्या पोराला हो म्हटलं.” तिने त्याचा सदरा त्याच्या मांडीवर टाकला. “आता घडी घाल.”

लेखकाला इतका आनंद झाला की घडी घालायची सोडून त्याने बाईंना फोन लावला. “बाई, टाकीचं प्रकरण बदला! मी खाली होतो, रडत होतो! ताई साक्षीला आहे!”

“अय्या, किती छान!” बाई हळहळल्या. “पण टाकीच नाही म्हटल्यावर ताईंची साक्ष बाद होते हो. नसलेल्या टाकीच्या खाली तरी कसे उभे राहणार तुम्ही?”

पुस्तक निघालं. बाईंचं. पडताळणीच्या या सगळ्या प्रवासाची सत्यकथा बाईंनीच लिहिली आणि हातोहात खपली. त्या पुस्तकाची पडताळणी कुणी केली, असं एका वार्ताहराने विचारलं, तेव्हा बाई लाजून म्हणाल्या, “विभागात मी एकटीच आहे ना.” प्रकाशनाला सभागृह तुडुंब भरलं होतं. टाकीवर कोण कोण चढलं होतं, असं बाईंनी गमतीने विचारलं, तर पहिल्या रांगेपासून गॅलरीपर्यंत हात वर झाले. लेखक बायकोशेजारी हात खाली ठेवून बसला होता. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

तुम्ही हसताय? हसा, खुशाल हसा. फक्त एक करा. पाहुणे आले की तुम्ही लहानपणची ती ठरलेली गोष्ट सांगता ना, दर वेळी तीच, हातवारे करून? ती सुरू झाली की तुमची ताई पाणी आणते म्हणून आत जाते, आणि गोष्ट संपेपर्यंत बाहेर येत नाही. का, ते तिला एकदा विचारून बघा.