शेषराव मामांचं कडू पाणी

आमच्या साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसचे खानसामा शेषराव मामा पाहुण्याच्या हातात पेला देत आणि समोर उभे राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. घोट उतरेपर्यंत पापणी हलवत नसत. स्वतः माळकरी. दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, पण संचालकांच्या बैठकीनंतर जिनमध्ये टॉनिक किती घालायचं ते मामाच ठरवत. "चव जिभंवर कशाला बघायची? पिणाऱ्याच्या तोंडावर लिवलेली आसती," हे त्यांचं शास्त्र.

दुष्काळ पडला, ऊस वाळला, गाळप बंद झालं. जिन अर्थातच आधी संपली. टॉनिकच्या बाटल्यांची खोकी मात्र तशीच राहिली. ते कडू, बुडबुड्यांचं पाणी नुसतं कोण पिणार? पण टँकरच्या दिवसांत बाटलीभर पाणी पडून राहिलेलं मामांना बघवेना. ते पिण्याजोगं करायचा त्यांनी विडाच उचलला आणि बळीचा बकरा म्हणून शेजारच्या खोलीत राहणारा शेतकी विभागातला कारकून, म्हणजे मी, त्यांना आयता सापडलो.

संध्याकाळ झाली की हाक यायची, "या सायेब, आज निराळं हाय!"

चिंच-गुळाचं बरं लागलं. लिंबू, काळं मीठ आणि भाजलेलं जिरं झकास जमलं. मग एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी कोरा चहा घातला. त्या दिवशी माझं तोंड वाचायला त्यांना चष्मा लागला नाही. गूळ थेट बाटलीत टाकला तेव्हा फेस उसळून त्यांच्या टोपीवर आला.

"कडूपणा मारायचा न्हाई," टोपी पिळत मामा म्हणाले, "त्याला सोबत द्यायची."

कहर केला तो उसाच्या रसापायी. आसपास ऊस दिसायचा तो फक्त चारा छावणीत, जनावरांपुढे. मामा तिथं गेले आणि एका शेतकऱ्याकडं कांडं मागू लागले.

"कावून? गाय घेतली का मामा?"

"न्हाई बे. सायबाला पायजे."

तेव्हापासून छावणीतली माणसं माझ्याकडं फार काळजीनं बघू लागली. पण खलबत्त्यात कुटून काढलेला तो रस, त्यात आलं आणि वरून टॉनिक! खोटं कशाला बोलू, गाईचा घास हिरावल्याचं मला काही वाटलं नाही.

हळूहळू कॉलनी रिकामी झाली. मामांना मागंपुढं कुणी नव्हतं. गेस्ट हाउस हेच घर. मलाही आष्टीत नोकरी मिळाली. सकाळी मामांना सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि छावणीच्या वाटेला लागले.

संध्याकाळी पुन्हा उसाच्या रसाचा पेला आला. माझ्या हातात देऊन मामा खिडकीकडं वळले. माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"मामा, कसं झालंय ते बघा की."

"चांगलंच झालं आसंल."

मी त्यांना बळेच खुर्चीवर बसवलं, माझ्या पेल्यातलं अर्धं दुसऱ्या पेल्यात ओतलं. म्हटलं, आज तुम्ही प्या, मी तोंड बघतो. मामांनी घोट घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

"लई कडू लागायलंय, सायेब."

माझ्या पेल्यात तर गोडवाच गोडवा होता. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आणखी एक बाटली फोडा."